पिल्लाच्या किमतीत दडलेला दोष

हापूस आंब्याची पेटी घेणाऱ्या रत्नागिरीकराला ‘साका’ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. फळ वरून केशरी, सुवासिक, डागरहित असते. सुरी चालविल्यावर मात्र आतला गर पांढुरका, आंबूस आणि स्पंजासारखा निघतो. कितीही जाणकार गिऱ्हाईक असो, न कापता त्याला हा दोष ओळखता येत नाही. साक्याने कोकणातील बागायतदारांना इतके छळले की, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम व हापूस यांच्या संकरातून १९८१ साली ‘रत्ना’ ही साकामुक्त जात प्रसारित केली. दोष वरून दिसत नसेल तर तो पैदाशीच्या मुळाशीच रोखला पाहिजे, हा या प्रयत्नातून मिळालेला धडा होय. तो आंब्यापुरता मर्यादित नाही. अलीकडे मध्यमवर्गीयांच्या घरोघरी दिसू लागलेल्या जातिवंत कुत्र्यांनाही तो तितकाच लागू पडतो.

समजा, रत्नागिरीतील एका शिक्षक-कुटुंबाने मुलांच्या हट्टाखातर बीगल जातीचे पिल्लू आणावयाचे ठरविले. महिन्याच्या पगाराचा बराच भाग मोडून पिल्लू घरी आले. पिल्लू देखणे, वंशावळीचा कागद सोबत. काही आठवड्यांनी मात्र ते चवड्यांवर, जणू टाचा उचलून चालते आहे असे ध्यानात येते. कातडी हाताने उचलू जावे तर उचलली जात नाही; अंग लाकडासारखे ताठ लागते. पशुवैद्य सांगतात की हा जन्मजात दोष आहे, त्यावर औषध नाही. विक्रेता म्हणतो, ‘आमच्याकडे असे कधी झाले नाही.’ कदाचित तो खरेही बोलत असेल. पण हा दोष पिल्लाच्या जन्मापूर्वीच टाळता आला असता, ही गोष्ट त्या कुटुंबाला कोणी सांगितलेली नसते.

बाजारातील अंधार

विक्रेत्याला मालाची माहिती अधिक आणि ग्राहकाला कमी असेल तर बाजाराचे काय होते, हा प्रश्न जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एका निबंधात मांडला. त्याने उदाहरण घेतले होते जुन्या मोटारींचे. चांगली मोटार कोणती आणि खोडीची कोणती हे ग्राहकाला कळत नाही. म्हणून तो दोन्हींना मिळून सरासरी किंमत देऊ करतो. ही किंमत चांगल्या मोटारीच्या मालकाला परवडत नाही. तो बाजारातून काढता पाय घेतो. उरतात त्या बहुतांशी खोडीच्या मोटारी. खोटे नाणे खऱ्याला व्यवहारातून हुसकावते, त्यातलाच हा प्रकार. या विचाराबद्दल अकेरलॉफला २००१ साली मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

पिल्लांचा बाजार हे या सिद्धांताचे चपखल उदाहरण आहे. जो पैदासकार प्रामाणिकपणे आपले नर-मादी तपासून घेतो, त्याचा खर्च वाढतो. जो तपासत नाही त्याचे पिल्लू स्वस्त पडते आणि दोन्ही पिल्ले दिसायला सारखीच गोजिरवाणी असतात. ग्राहक स्वस्ताकडे वळला तर त्याला दोष कसा द्यावा? परंतु आंब्यात व पिल्लात एक मोठा फरक आहे. साक्याच्या बाबतीत ग्राहकाप्रमाणे आंबा विकणाराही अंधारात असतो. कुत्र्यांच्या कित्येक आनुवंशिक रोगांच्या बाबतीत विक्रेत्याने अंधारात राहण्याचे कारण आता उरलेले नाही. दिवा उपलब्ध आहे. प्रश्न तो लावावयाचा की नाही, एवढाच आहे.

बीगलची गोष्ट

वर वर्णन केलेल्या रोगाला मुसलादिन-ल्यूक लक्षणसमूह असे नाव आहे. हा संयोजी ऊतींचा रोग होय. त्वचा, स्नायुबंध, सांधे, रक्तवाहिन्यांच्या भिंती या साऱ्यांना बांधून ठेवणारे, आधार देणारे जे शरीरातील विणकाम, ते म्हणजे संयोजी ऊती. हे वीणकाम सैल पडले तर कातडी जुनेऱ्यासारखी फाटते. एहलर्स-डॅनलॉस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोगांत माणसाला, कुत्र्याला व मांजराला हाच त्रास होतो. उलट वीण अति घट्ट झाली तर कातडी व स्नायू आवळले जातात. बीगलमध्ये घडते ते हे दुसरे. अशा पिल्लाचे कपाळ चपटे व रुंद, डोळे तिरपे आणि बाहेरच्या बाजूची बोटे आखूड असतात. दोन ते चार आठवड्यांच्या वयात लक्षणे उमटू लागतात, वर्षभर वाढतात आणि मग बहुधा स्थिरावतात. कुत्रा जगतो, पण ताठलेल्या शरीरानिशी.

या रोगाचे मूळ एका जनुकातील एका अक्षराच्या चुकीत आहे, हे २०१० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी दाखवून दिले. कुत्र्याच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन २००५ साली प्रसिद्ध झाले होते. त्यामुळे अशा चुका शोधणे सुकर झाले. ज्या जनुकात ही चूक आढळली त्याच जनुकातील बिघाडामुळे माणसांतही ठेंगणेपणा, ताठ सांधे व हृदयाच्या झडपांचे विकार असलेला एक दुर्मिळ रोग होतो, हे त्याच सुमारास सिद्ध झालेले होते. म्हणजे कुत्र्याच्या रोगाचा अभ्यास हा केवळ हौशी लोकांचा छंद नव्हे; एका प्राण्याच्या शरीरातील कोडे सुटले की दुसऱ्याच्याही व्यथेवर प्रकाश पडतो.

चूक सापडल्यामुळे चाचणी शक्य झाली. ती करणे फारसे अवघड नाही. कुत्र्याच्या गालाच्या आतल्या बाजूवरून कापसाचा बोळा अथवा बारीक कुंचला फिरवून घ्यावयाचा आणि वाळवून पाकिटातून प्रयोगशाळेकडे पाठवावयाचा. कुत्र्याला प्रवास नको, भूल नको. उत्तर तीनपैकी एक येते : दोषमुक्त, वाहक किंवा बाधित.

यातील ‘वाहक’ हा शब्द नीट समजून घेतला पाहिजे. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली व एक बापाकडून. बीगलचा हा रोग अप्रभावी प्रकारचा आहे. म्हणजे दोन्ही प्रती सदोष असतील तरच तो प्रकट होतो. एक प्रत चांगली असेल तर कुत्रा आयुष्यभर निरोगी राहतो, मात्र सदोष प्रत निम्म्या संततीला देत राहतो. दोन वाहकांचा संयोग झाला तर सरासरीने चारांतील एक पिल्लू बाधित, दोन वाहक व एक दोषमुक्त निपजते.

हिशेबासाठी धरून चालू की, एखाद्या जातीत दर १० कुत्र्यांमागे १ वाहक आहे. नर-मादी स्वैरपणे निवडल्यास दोघेही वाहक असण्याचा संभव शंभरात एक आणि पिल्लू बाधित होण्याचा संभव चारशेत एक. इतक्या विरळ गोष्टीवर कोणाचे लक्ष जाणार? पण समजा, एखादा वाहक नर प्रदर्शनात विजयी ठरला आणि जो तो आपली मादी त्याच्याकडे नेऊ लागला. माद्या दोषमुक्त असल्या तरी त्याच्या निम्म्या मुली वाहक होतात. पुढे ‘रक्त शुद्ध राखण्यासाठी’ त्याच मुलींचा संयोग बापाशी करण्यात आला तर बाधित पिल्लाचा संभव आठात एक होतो. चारशेतून एक आणि आठातून एक, या दोन आकड्यांमधील अंतर निसर्गाने निर्माण केलेले नाही. ते माणसाच्या हौसेने निर्माण केले आहे.

वळूला एक न्याय

कुत्र्यांच्या बाबतीत ही चर्चा नवी वाटेल, पण गोठ्याच्या बाबतीत ती जुनी आहे. अमेरिकेत ऑस्बॉर्नडेल आयव्हनहो नावाचा एक होल्स्टीन वळू होऊन गेला. त्याच्या मुली उत्तम दूध देत, म्हणून त्याचे व त्याच्या वंशजांचे रेत सर्वदूर वापरले गेले. पुढे होल्स्टीन वासरे वरचेवर जंतुसंसर्गाने दगावत असल्याचे दिसून आले. पांढऱ्या रक्तपेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बाहेर पडता येत नसल्यामुळे ही वासरे संसर्गाशी झुंजूच शकत नव्हती. १९९२ साली त्यामागील जनुकीय चूक सापडली, तिचा माग आयव्हनहोपर्यंत पोहोचला आणि तपासलेल्या अमेरिकन होल्स्टीन वळूंपैकी सुमारे १४ टक्के वळू वाहक असल्याचे आढळले. त्यानंतर वळूंच्या सूचीत प्रत्येक नावापुढे तो वाहक आहे की मुक्त आहे हे छापले जाऊ लागले. शेतकऱ्यांना ती खूण वाचता आली आणि रोग झपाट्याने ओसरला.

भारतातही गोठित रेत तयार करणाऱ्या केंद्रांसाठी केंद्र सरकारने किमान मानके ठरविली आहेत. होल्स्टीन व तिच्या संकरित वळूंची या रोगासाठी, तसेच अन्य काही आनुवंशिक दोषांसाठी तपासणी करणे हा त्या मानकांचा भाग आहे. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली स्थापन केलेल्या उरुळीकांचनच्या ‘बाएफ’ संस्थेमुळे गोठित रेताची कांडी महाराष्ट्राच्या खेडोपाडी परिचित झाली. आज रत्नागिरी जिल्ह्यातील एखादा शेतकरी आपल्या संकरित गायीला दवाखान्यात कृत्रिम रेतन करवून घेतो, तेव्हा त्या वळूचे जनुक तपासलेले असावेत अशी व्यवस्था त्याच्या नकळत त्याच्या पाठीशी उभी असते. त्याने स्वतः काही विचारण्याची गरज पडत नाही.

जनुकीय चाचणी केवळ रोग टाळण्यासाठी असते असेही नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गारोळ मेंढीतील जुळी कोकरे देणारे जनुक दख्खनी मेंढीत आणण्याचे काम हाती घेतले. कोणत्या कोकरात हे जनुक उतरले आहे हे ओळखण्यासाठी जी चाचणी लागली ती पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहकार्याने उभी राहिली. त्या तपासणीचा खर्च धनगराच्या कनवटीतून नव्हे, तर संशोधनाच्या निधीतून झाला. फळ मात्र धनगराला मिळाले.

या दोन्ही उदाहरणांचे तात्पर्य एकच आहे. एकाने केलेल्या चाचणीचा लाभ त्या एकट्यापुरता राहत नाही. तिच्यामुळे पुढील पिढीतील प्रत्येक खरेदीदाराचे नुकसान टळते. ज्या खर्चाचा लाभ दुसऱ्यालाही मिळतो तो खर्च बाजार आपखुशीने पुरेसा करीत नाही, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही जाणतो. म्हणूनच वळूच्या बाबतीत नियम करावा लागला. कुत्र्याच्या बाबतीत मात्र सारे काही विक्रेत्याच्या सदिच्छेवर सोडून देण्यात आले आहे.

वाहक म्हणजे रोगी नव्हे

चाचणीचे समर्थन करताना एका धोक्याकडे काणाडोळा करता कामा नये. चाचणीत ‘वाहक’ ठरलेल्या प्रत्येक कुत्र्याला पैदाशीतून बाद करण्याचा मोह अनेकांना होतो. तो घातक आहे. वाहकाचा संयोग दोषमुक्त जोडीदाराशी केला तर एकही पिल्लू बाधित निपजत नाही. निम्मी पिल्ले वाहक होतील. त्यांची तपासणी करून दोषमुक्त पिल्ले पुढील पैदाशीसाठी ठेवता येतात. याप्रमाणे दोन-तीन पिढ्यांत दोष विरळ करता येतो आणि त्या कुत्र्यातील अन्य चांगले गुणही हातचे जात नाहीत. सर्व वाहकांना एकदम काढून टाकले तर आधीच लहान असलेला वंशसमूह आणखी आकुंचित होतो, आणि आज अज्ञात असलेला एखादा दुसराच दोष उद्या डोके वर काढतो.

ही गोष्ट आपल्या सीमाभागातील कुत्र्यांच्या संदर्भात विशेष महत्त्वाची आहे. मुधोळचे घोरपडे संस्थानिक यांनी जोपासलेला मुधोळ किंवा कारवान हा सडपातळ शिकारी कुत्रा दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटक यांचा सामाईक ठेवा होय. टपाल खात्याने २००५ साली त्याच्यावर तिकीट काढले. पंतप्रधानांनी ऑगस्ट २०२० मध्ये आकाशवाणीवरील भाषणात देशी जातींची आठवण करून देताना त्याचाही उल्लेख केला. एखाद्या जातीचे नाव एकाएकी लोकांच्या तोंडी झाले की थोड्याच नरांकडून भराभर पिल्ले काढण्याचा हव्यास सुटतो. आयव्हनहोच्या बाबतीत जे गायींत घडले ते मुधोळच्या बाबतीत घडू द्यावयाचे नसेल, तर वंशावळीच्या नोंदी आणि तपासणी यांचा विचार आजच झाला पाहिजे.

वाहकाला हिणवू नये, हे महाराष्ट्राला माणसांच्या संदर्भातही शिकावे लागले आहे. गडचिरोली, नंदुरबार यांसारख्या जिल्ह्यांत सिकलसेलची तपासणी करताना ‘वाहक म्हणजे रोगी नव्हे’ हे पुनःपुन्हा सांगावे लागते. माणसाचा विवाह आणि जनावराची पैदास या अर्थातच एका मापाने मोजावयाच्या गोष्टी नव्हेत. माणसाला माहिती व सल्ला द्यावयाचा असतो. निर्णय त्याचा असतो. कुत्र्याच्या बाबतीत मात्र निर्णय सर्वस्वी माणसाचाच असतो, आणि म्हणून जबाबदारीही त्याचीच.

चाचणीच्या मर्यादा

चाचणीचा कागद म्हणजे निरोगीपणाची हमी नव्हे, हेही स्पष्ट केले पाहिजे. एक चाचणी एका ज्ञात चुकीचाच शोध घेते. त्याच रोगाचे दुसरे एखादे कारण असेल तर ते तिच्या नजरेतून निसटते. लॅब्रॅडॉर व जर्मन शेफर्ड यांना ग्रासणारा खुब्याच्या सांध्याचा विकार अनेक जनुके, आहार, वजन व व्यायाम यांच्या संयोगातून उद्भवतो; तेथे एका जनुकाच्या चाचणीवर विसंबता येत नाही, आईबापांच्या खुब्यांची क्ष-किरण तपासणीच करावी लागते. शिवाय एका जातीत उपयुक्त ठरलेली चाचणी दुसऱ्या जातीत निरर्थक असू शकते. पन्नास रोगांच्या याद्या दाखवून ग्राहकाला दिपविणारा कागद आणि त्या जातीला खरोखर लागू असलेल्या दोन-तीन चाचण्यांचा कागद, यांत दुसराच अधिक मोलाचा.

येथे कोणी विचारील की, हा सारा श्रीमंती खटाटोप कशासाठी? आंब्याच्या बागेतून माकडे हुसकावणारा वाडीवरचा गावठी कुत्रा कोणत्या चाचणीने निवडलेला असतो? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर उद्बोधक आहे. गावठी कुत्र्याचा संयोग मोकळेपणाने होत असल्यामुळे एकच सदोष प्रत आईबाप दोघांकडून येण्याचा संभव कमी राहतो. जातिवंतपणासाठी आपण हे मोकळेपण मोडले. मोडलेल्या गोष्टीची भरपाई चाचणीने करावी लागते. ज्याला ही उठाठेव नको असेल त्याने गावठी पिल्लू आनंदाने पाळावे. तो त्यात काही गमावणार नाही.

कायद्यातील रिकामी जागा

कुत्र्यांची पैदास व विक्री यांसंबंधी केंद्र सरकारने २०१७ साली नियम केले. त्यानुसार पैदासकाराने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. मादी १८ महिन्यांची झाल्याशिवाय तिच्यापासून पैदास करता येत नाही आणि तिच्या आयुष्यात पाचांहून अधिक विणी घेता येत नाहीत. पिल्लाचे लसीकरण व आहार यांची लेखी माहिती ग्राहकास देण्याचेही बंधन आहे. हे नियम स्वागतार्हच आहेत. परंतु ज्या कागदावर लशीची तारीख लिहावयाची, त्याच कागदावर आईबापांच्या जनुकीय तपासणीचा निष्कर्ष लिहावा असे त्यांत कोठेही म्हटलेले नाही.

ही रिकामी जागा भरावयास नवा कायदा लागणार नाही; आहे त्या नियमांत एका ओळीची भर पुरे होईल. प्रत्येक जातीसाठी आवश्यक अशा मोजक्या चाचण्यांची यादी पशुवैद्यक तज्ज्ञांनी ठरवावी. मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून उभे आहे. महाराष्ट्राचे स्वतंत्र पशुविज्ञान विद्यापीठही आहे. अशा संस्थांनी माफक दरात तपासणीची सोय केल्यास लहान पैदासकारालाही ती परवडेल. पैदाशीचा नर व मादी यांची तपासणी आयुष्यात एकदाच करावी लागते. तिचा खर्च सर्व विणींतील पिल्लांवर विभागला तर एका पिल्लाच्या वाट्याला येणारा भार थोडाच राहील. तपासणीची सक्ती लगेच शक्य नसेल, तर निदान ‘तपासलेले’ की ‘न तपासलेले’ एवढे लिहिण्याची सक्ती करावी. ग्राहकाला फरक कळला की प्रामाणिक पैदासकाराला त्याच्या प्रामाणिकपणाची किंमत मिळू लागेल, आणि अकेरलॉफने दाखविलेली घसरण उलट दिशेला वळेल.

सरकार जागे होईपर्यंत ग्राहकाने वाट पाहण्याचे कारण नाही. पिल्लू हाती घेण्यापूर्वी वंशावळीचा कागद मागावयास आपण शिकलो आहोत. पण वंशावळ पूर्वजांची नावे सांगते. त्यांनी पिल्लाच्या अंगात काय ठेवले आहे ते सांगत नाही. तेव्हा आणखी एक प्रश्न विचारावयास शिकले पाहिजे : ‘याच्या आईबापांच्या तपासणीचा कागद कोठे आहे?’ आंबा कापल्यावाचून त्याचा साका कळत नाही, हा निसर्गाचा नाइलाज आहे. पिल्लाच्या बाबतीत तसा नाइलाज राहिलेला नाही. विचारता येत असून विचारले नाही, तर त्याची किंमत पिल्लाला जन्मभर मोजावी लागते.